न घेतलेली पत्रं

माझे बाबा तत्त्वाचे पक्के होते. मुलुंडचं आमचं घर त्या तत्त्वापायीच गेलं. इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही.

ऐंशीच्या दशकात त्यांनी सहकारी बँकेचं कर्ज काढून चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. कारखान्यात फिटर होते. बँकेचा हप्ता पगाराच्या दिवशीच भरायचे. पण गच्चीतून पाणी गळायला लागलं, सोसायटी दुरुस्ती करेना, तेव्हा त्यांनी सोसायटीचं बिल भरणंच बंद केलं. त्या बिलात महापालिकेचा करही असतो, हे सांगून आई थकली. बाबा ढिम्म.

दोन वर्षांनी सोसायटीने बँकेला कळवलं. घर बँकेकडे गहाण. कर थकून त्याच्यावर टाच येऊ नये म्हणून बँकेनेच थकबाकी भरली, आमच्या कर्जात चढवली आणि तसं रजिस्टर पत्र पाठवलं. बाबांनी पोस्टमनला दारातूनच परत पाठवलं. आम्ही आधी राहायचो त्या चाळीत सगळ्यांचा ठाम समज होता, की सही करून पत्र घेतलं तरच ते लागू होतं. बाबांचा त्यावर देवापेक्षा जास्त विश्वास. एक पत्र तर मीच परत पाठवलं, मोठ्या ऐटीत. ते आठवलं की अजून लाज वाटते.

चार पत्रं परत गेल्यावर बँकेचा माणूसच घरी आला. सभ्य होता. बाबांनी हप्त्यांच्या सगळ्या पावत्या त्याच्यापुढे मांडल्या. त्याने शांतपणे समजावलं, की हप्त्यातून आधी ती थकबाकी वळती होत गेली, म्हणून प्रत्येक हप्ता अपुरा पडला. आता सगळं कर्ज एकरकमी भरायचं, नाहीतर लिलाव.

"पण मला कोणी कळवलंच नाही ना," बाबा म्हणाले.

"पत्र नाकारलं की ते पोचलं असंच धरतात, काका. पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, तीन महिन्यांत थकबाकी भरा, विषय मिटेल."

आईने तेव्हाचा आकडा विचारला. त्याने सांगितला. ती बाबांकडे न बघता म्हणाली, "एवढे तर माझ्या बांगड्यांत आले असते."

वर्षभरात लिलाव झाला. बांगड्या शेवटी मोडल्याच, मानखुर्दच्या भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट भरायला.