सात शहाळी

गेल्या रविवारी आम्ही सहा जण समुद्रावर गेलो: अप्पा, मी, माझी बायको, दोन मुली आणि बहीण. दोन डोंगरांमधला हा समुद्र इतका उथळ आहे, की दोनशे पावलं आत गेलं तरी पाणी गुडघ्यालाच लागतं. मी पावलं मोजली आहेत. माझा धाकटा भाऊ विनू दुसऱ्या एका किनाऱ्यावर बुडाला, तेव्हापासून आम्ही फक्त इथेच येतो.

विनू बुडाला त्या दिवशी अप्पांनी डोकी मोजली नव्हती. आता ते पाण्यात उतरतच नाहीत. काठावर उभे राहून बोटाने सगळ्यांना मोजत राहतात.

"आजोबा, मला दोनदा मोजलंत," धाकटी पाण्यातून ओरडली. सगळे हसले.

अप्पांचं बोट मात्र हवेतच थांबलं. "एक कमी आहे रे. विनू दिसत नाही."

अठ्ठावीस वर्षांत त्यांनी हे नाव उच्चारलं नव्हतं. पाणी इतकं नितळ होतं, की मुलींच्या पायांची बोटंही दिसत होती. त्यात कुणी हरवणं शक्यच नव्हतं.

चुकीचा आकडा मी कधी कुणाला खपवू दिलेला नाही.

"सगळे आहेत, अप्पा. सात."

"नीट मोजलंस?"

"दोनदा."

त्यांचा हात खाली आला. "मग सात शहाळी सांग."

सातवं त्यांनी स्वतःच्या शेजारी वाळूत घट्ट बसवून ठेवलं, कलंडू नये म्हणून.

निघताना शहाळेवाल्या मावशी म्हणाल्या, "एक तसंच राहिलं की. सहाचेच द्या."

मी त्यांना साताचे साडेतीनशे रुपये दिले.