देखावा बिघडतो

“डोंगरापुढे सगळी माणसं सारखीच लहान,” साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तो चष्मा काढ बरं. देखावा बिघडतो.”

जिल्ह्यातलं जीवन आणि सृष्टिसौंदर्य यावर सरकारी पुस्तक निघणार होतं. त्यासाठी साहेब फोटोग्राफर घेऊन घाट चढून आमच्या गावी आले होते. त्यांना विहिरीवर पाणी भरणारी बाई हवी होती, मागे डोंगर. पाटलांच्या घरच्या बायका परक्यापुढे उभ्या राहत नाहीत. म्हणून महारवाड्यातून मला बोलावलं.

त्या विहिरीचं पाणी आम्हाला बंद होतं. पाटलांनी तेही मोठ्यानेच सांगितलं, “घागरी रिकाम्याच ठेव वो पोरी. पोहऱ्याले हात नोको लावू.”

मी नुकतीच मास्तरणीची परीक्षा पास झाले होते. नेमणुकीवर सही याच साहेबांची. माय मागून कुजबुजली, “काढ न वो बाई. नौकरी हाय तुही त्याइच्या हाती.”

काढला. डोंगर पुसून गेला, हिरवट डाग उरला. डोक्यावर दोन रिकाम्या घागरी. तोंडावर सांगितलेलं हसू. फोटोत जात दिसत नाही, चष्मा दिसतो. मला शिसारी आली. आधी माझीच.

फोटोखालची ओळ साहेबांनी घरूनच लिहून आणली होती. वाचून दाखवली: ‘कष्टाळू, समाधानी ग्रामस्थ.’

“वा साहेब, हुबेहूब!” पाटील म्हणाले.

मी घागरी उतरवल्या. चष्मा लावला. विहिरीच्या कठड्यावर साहेबांच्याच कचेरीने रंगवलेली पाटी होती. मोठ्याने वाचली, “ही विहीर सर्वांना खुली आहे.”

“काऊन वो, लय शिकली का तू?” पाटील ओरडले.

“हो. पाटी वाचण्यापुरती.”

पोहरा सोडला. दोन्ही घागरी काठोकाठ भरल्या. साहेब डोंगराकडे बघत राहिले. तो त्यांना एकाएकी फारच आवडला होता.

“गेली नौकरी,” माय म्हणाली, आणि एक घागर स्वतःच्या डोक्यावर घेतली.

खरंच गेली. दोन वर्षं मी घाटात खडी फोडली, चष्मा लावून. मग दुसरे साहेब आले, सही झाली. आता वर्गातल्या पोरींना आधी गावातल्या पाट्या वाचायला लावते. मोठ्याने, पाटलाच्या दारासमोर. त्या दिवसानंतर चष्मा कुणाच्या सांगण्यावरून काढलेला नाही. काढणार नाही.

पुस्तक निघालं. त्या पानावर विहीर आहे, डोंगर आहे, आणि पाटलांची म्हैस आहे. खालची ओळ तीच आहे.