ग्राउंडच्या वहीतली साडेसातची वेळ

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. एकदा बहिणीजवळ तोंड उघडलं होतं. बदलापूरला आमच्या गॅलरीत दोघी मेथी निवडत बसलो होतो. पण तेवढ्यात तीच म्हणाली, "तू आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाहीस बघ," आणि मी मेथीची पुढची जुडी सोडली. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगायला जमेल.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात जिमखान्याची क्लार्क आहे. बॉल, नेट, नी-कॅप देणं, परत घेणं, आणि ग्राउंडची वही सांभाळणं, एवढंच काम. सरावाला येणाऱ्या प्रत्येकाने त्या वहीत नाव, यायची वेळ आणि जायची वेळ लिहून सही करायची, आणि पानाच्या खाली माझी सही. विद्यापीठाच्या संघात निवड व्हायची तर सरावाची हजेरी दाखवावी लागते, म्हणून ती वही. एरवी तिच्याकडे कुणी बघत नसे. माझ्याकडेही — खरं सांगायचं तर — कुणी बघत नसे. प्राचार्यांना माझं नाव पाठ व्हायला नऊ वर्षं लागली.

मग ओंकार आला. जांभूळ गावचा, शेतकऱ्याच्या घरातला, अंगाने फार थोराड नाही. कबड्डीत डाव्या कोपऱ्याला उभा राहायचा. चढाई करणारा आत आला की हा नुसता बघत राहायचा, आणि मग कधी त्याचा घोटा नाहीतर मनगट याच्या हातात आलं ते कळायचंही नाही. एकदा धरलं की सुटका नाही. त्याच्यामुळे आमचं कॉलेज पहिल्यांदा विद्यापीठाच्या उपांत्य फेरीत गेलं. अंबरनाथच्या नाक्यावर त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागले. मुली त्याच्यासोबत फोटो काढायला जिमखान्याच्या दारात उभ्या राहायच्या.

आणि मी? मी त्याची सगळ्यात मोठी चाहती होते. हसू नका. पन्नाशीला आलेली बाई, साडी खोचून कल्याणच्या मैदानात पहिल्या रांगेत बसायची आणि आवाज बसेपर्यंत ओरडायची. त्याचं पेपरात आलेलं नाव कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. पोरं म्हणायची, मॅडम आल्या की आपण जिंकतो. स्टाफरूममध्ये मला जागा करून द्यायला लागले. हे सगळं का सांगते आहे? कारण पुढचं केलं ते या बाईने, आणि ती बाई तेव्हा खूप सुखात होती.

तो मंगळवार होता. शनिवारी अंतिम सामना. सराव साडेचार ते साडेसात असायचा. साडेपाचला ओंकार खिडकीशी आला आणि म्हणाला, "मॅडम, आज लवकर सोडा ना. मित्राचा बर्थडे आहे." आमचे खेळाचे सर मीटिंगला कल्याणला गेले होते. मी म्हटलं जा. त्याने नी-कॅप टेबलावर टाकल्या आणि जायची वेळ न लिहिताच गेला, नेहमीसारखा. त्याची बाइक फाटकातून बाहेर जाताना मी पाहिली.

सव्वासहाच्या सुमाराला अंबरनाथला, शिवमंदिराकडे वळणाऱ्या रस्त्यावर, एका रिक्षावाल्याची आणि त्याची बाचाबाची झाली. रिक्षा आडवी आली म्हणे. रिक्षावाल्याचं नाव विलास, राहणारा तिथल्याच बुवापाड्याच्या वस्तीतला, चाळिशीचा माणूस. बाइकवर हा आणि मागे एक मित्र. विलासने खाली उतरून बोट दाखवलं, आणि ओंकारने ते मनगट धरलं. धरून पिळलं आणि त्याला फुटपाथवर आपटलं. दोन ठिकाणी हाड मोडलं. उजव्या हाताचं.

विलासने नाक्यावरच्या फ्लेक्सवर तो चेहरा पाहिलेला होता. त्याने तक्रारीत नाव घेऊनच सांगितलं.

बुधवारी सकाळी कॉलेज पेटलं होतं. सगळ्यांच्या स्टेटसला एकच, 'आम्ही ओंकारसोबत'. दीडशे पोरं फाटकात बसली. सगळं मॅचच्या तोंडावर कुणीतरी घडवून आणलंय, असं म्हणत होती. आमच्या स्टाफच्या ग्रुपवर एकाने लिहिलं की मोठं नाव बघून केस टाकलीय, आणि 'तिकडच्या लोकांना' केस टाकायची सवयच असते. तिकडच्या म्हणजे कुठल्या, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. आम्हा सगळ्यांना कळलं होतं. त्याखाली अंगठे आले. एक अंगठा माझा होता. मी तसं मानत होते का? तेव्हा विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. अंगठा मात्र दिला.

दुपारी दोन पोलीस आले. सरांनी मला बोलावलं. सरांना काही माहीत नव्हतं, ते मनापासून विचारत होते, "मॅडम, काल ओंकार किती वाजेपर्यंत होता?" हवालदार चहा घेत होते. मी वही आणायला आत गेले. कपाट उघडलं. ओंकारच्या नावापुढची जागा कोरी होती. मी तिथे साडेसात लिहिलं आणि वही बाहेर आणून दिली.

"तुम्ही स्वतः होतात?" हवालदाराने विचारलं.

"हो. कुलूप मीच लावते. तो शेवटी गेला."

एवढंच बोलले. त्यांनी पानाचा फोटो काढला, माझा जबाब लिहून घेतला, मी सही केली. त्या संध्याकाळी ग्राउंडवर अकरा पोरं होती. अकराही जणांनी वहीत होतं तेच सांगितलं. वही आधी दाखवली गेली नसती तर त्यातला एखादा वेगळं बोलला असता का? मला एक-दोन चेहरे आठवतात. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, आणि मग मान हलवली.

शनिवारी आम्ही जिंकलो. मला वाटलं होतं, त्याचा हात कापेल. नाही कापला. शेवटच्या चढाईत त्याने मनगटाचीच पकड केली आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. मीही उभी राहिले. मी ओरडलेसुद्धा.

नंतरच्या आठवड्यात विलासची बायको आली. सुनंदा. दुपारची वेळ होती, जिमखान्यात मी एकटीच होते. ती दारातच थांबली, मी दोनदा म्हटलं तेव्हा बाकावर बसली. ऑफिसात तिला कुणी उभं केलं नव्हतं. शिपायाने फाटकातूनच परत पाठवायचं बघितलं होतं, त्याच्याशी भांडून ती आत आली होती.

"मॅडम, भांडायला नाही आले," ती म्हणाली. "माझे मिस्टर खोटं नाय बोलत. पण पोलीस बोलतात, पोरगा इथंच होता, वहीत लिहिलंय. मला फक्त ती वही बघायची होती. डोळ्यांनी बघितली म्हणजे मनाला पटेल."

मी वही काढली. काढायला नको होती, नियम दाखवून तिला परत पाठवता आलं असतं. पण मला वाटलं — काय वाटलं असेल? — वही दाखवली की ती जाईल. पान उघडून तिच्यापुढे धरलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तिने सावकाश वाचलं. नाव, तारीख, साडेचार, साडेसात.

"हे वेळेचं अक्षर कुणाचं?"

"माझं," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही ओळखणार.

"तुमचं असेल तर बरोबर असेल," ती म्हणाली. "मग ह्यांचीच चूक झाली असेल ओळखण्यात. अंधारत आलं होतं."

अंधार झालेला नव्हता. एप्रिल महिना होता, सव्वासहाला लख्ख उजेड असतो. ती माझ्यासाठी तिच्या नवऱ्याचं बोलणं खोटं पाडत होती, आणि मी मान हलवली. मी तिला पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि गेली.

इथे थांबले तरी चाललं असतं. तुम्ही मला खोटारडी म्हणाला असता आणि ते खरंच आहे. पण वर मी एक गोष्ट बदलून लिहिली. लिहिताना लक्षात आलं आणि तरी तशीच राहू दिली. पोलीस चहा घेत होते तेव्हा मी कपाटाशी साडेसात लिहिलं, असं म्हणाले ना? तसं झालं नाही. घाईघाईत, माणूस दारात उभा असताना हातून काहीतरी होऊन गेलं, असं वाटावं म्हणून मी तसं लिहिलं. कपाटातून वही काढली तेव्हा साडेसात आधीच लिहिलेलं होतं.

ओंकार सकाळीच माझ्याकडे आला होता. साडेआठला, कुणी यायच्या आधी. रात्रभर झोपला नव्हता हे दिसत होतं. दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्या म्हणाला, "मॅडम, माझ्याकडून झालं ते. डोकं सटकलं. त्या माणसाचा हात... आवाज आला मॅडम. मी ऐकला तो आवाज." मग म्हणाला, "मी जाऊन सांगून टाकतो. बाबा पण तेच बोलले, जा आणि सांग. सर आले की सरांना घेऊन जातो."

ऐकलंत? तो सांगायला निघाला होता. वीस वर्षांचा पोरगा, त्याच्या बापाने त्याला नीट सांगितलं होतं, आणि तो ते ऐकणार होता. तो माझ्याकडे वाचवा म्हणून आला नव्हता. मला वाटतं, सर येईपर्यंत कुणीतरी शेजारी बसावं एवढ्यासाठी आला होता.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "वेडा आहेस का? शनिवारी फायनल आहे."

तो म्हणाला, "पण मॅडम, त्याचा हात तुटलाय."

"हात जोडता येतो," मी म्हणाले. "तुझं वर्ष परत येणार नाही." वही काढली, त्याच्या नावापुढे माझ्या हाताने साडेसात लिहिलं, आणि सहीसाठी पेन त्याच्यापुढे केलं. तो घेईना. मी त्याच्या हातात कोंबलं. त्याने सही केली, आणि करताना त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तेव्हा सुटका म्हणून वाचलं. आता तसं वाटत नाही. त्या क्षणी तो माझ्यापेक्षा मोठा होता आणि मी त्याला ओढून माझ्याएवढा केला.

पुढे मला त्याची खूण मिळाली. सात-आठ महिन्यांनी त्याची आणखी कुठेतरी मारामारी झाली. तो स्वतः आला नाही. एक मित्र खिडकीशी आला, मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "मॅम, ओंकार बोललाय, रविवारची वही तेवढी बघून घ्या." विनंतीसुद्धा नाही, निरोप. ते प्रकरण दुसऱ्याच दिवशी आपसांत मिटलं, त्यामुळे मला हो किंवा नाही म्हणावं लागलं नाही. मी काय म्हणाले असते? नाही म्हणाले असते, असं लिहायला हात शिवशिवतो. पण मला माहीत नाही.

ओंकारला खेळाडू कोट्यातून सरकारी नोकरी लागली. लग्नाचं बोलावणं आलं होतं, गेले, जेवले. त्याच्या वडिलांनी मला नमस्कार केला नाही. त्या मांडवात मला ओळखणारे तेवढेच.

विलासच्या हाताचं ऑपरेशन झालं, पण मनगट वळेना. रिक्षाचा अ‍ॅक्सिलरेटर उजव्या हाताने पिळावा लागतो, तुम्ही बघितलं असेल. त्याने रिक्षा सोडली. बुवापाड्यातल्याच एका सोसायटीत वॉचमन लागला, असं मी ऐकलं. ऐकलं म्हणजे मुद्दाम विचारलं, दुसऱ्याच कुणाचा विषय काढून.

मी पोलिसांकडे गेलेले नाही. प्राचार्यांना सांगितलेलं नाही. या जूनला निवृत्त होते आहे आणि निरोपाच्या कार्यक्रमात माझ्या प्रामाणिकपणावर बोललं जाणार आहे. भाषण लिहिणाऱ्याला यातलं काहीच माहीत नाही.

गेल्या महिन्यात बदलापूरच्या मंडईत सुनंदा भेटली. मी तिला आधी पाहिलं आणि वळले, पण तिने हाक मारली. सोबत तिची मुलगी होती, नर्सिंगला जाते म्हणाली. इकडे तिच्या मामाकडे आल्या होत्या. मी विलासचं विचारलं. "बरंय आता," ती म्हणाली. "चहाचा कप उचलतात." मग मुलीकडे वळून म्हणाली, "ह्या कॉलेजातल्या मॅडम. तेव्हा आपल्याला कुणी दारात उभं करत नव्हतं ना, ह्यांनी बसवलं, पाणी दिलं, वही काढून दाखवली. मी तुला सांगते ना नेहमी."

मुलीने वाकून माझ्या पायाला हात लावला. मंडईत, सगळ्यांच्या देखत.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे, असू दे. त्यात काय एवढं."