पुलाच्या भिंतीतली एक मोकळी जागा

भिजवलेला चुना, गूळ आणि बेलफळाचा गर एकत्र मुरायला लागला की त्याला एक आंबूसगोड, जरा उग्र वास येतो. त्या वर्षीच्या पौषात आमच्या गावच्या जुन्या बागेत चिंचेखाली चुन्याची घाणी फिरू लागली आणि तो वास कोवळ्या उन्हात, पाटाच्या ओल्या काठावर, कर्दळींच्या वाफ्यांवर दिवसभर तरंगत राहू लागला. घाणीचा बैल गोल गोल फिरे, दगडी चाक चुना मळत जाई, आणि तासाभरात त्या पांढऱ्या लगद्याला सायीची तकाकी येई. या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. गुळाची ढेप फोडली की अजूनही मला तो वास येतो आणि घरातल्यांच्या लक्षात न येईल अशा बेताने मी तिथून उठतो.

बाग कुणा जहागीरदाराने लावलेली. नदीचं पाणी पाटाने आत आणलेलं आणि त्या पाटावर पायी जाण्यापुरता एक पूल, तीन कमानींचा, विटांचा नि चुन्याचा. जहागीरदार गेले, कारंजी बुजली, गुलाबांच्या जागी घाणेरी माजली. पूल मात्र मधली कमान ढासळेपर्यंत उभा होता. माणसं येईनाशी झाली तशी बाकीची मंडळी बिनधास्त येऊ लागली. कठड्यावर घोरपड उन्हाला पडलेली असे, पाटावर खंड्या टपून बसे, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ स्पष्ट दिसू लागली की शेजारच्या केळीच्या बागांतून मोर निवांत चालत आत येत. अशा त्या पुलाची दुरुस्ती नव्वदीच्या सुरुवातीला कुणाच्या तरी मनात आली, आणि सरकारी कामाला जसे लागतात तसे कामाआधीचे, काम चालू असतानाचे आणि काम झाल्यानंतरचे फोटो लागले. गावात स्टुडिओ माझाच. म्हणून मला बोलावणं आलं.

तोवर मी फोटो काढत होतो तो पोटापुरता. नोकरीच्या अर्जावरचे चेहरे, लग्नाच्या पंगती, आणि सर्वांत जास्त म्हणजे स्थळांना पाठवायचे मुलींचे फोटो. त्या मुलींच्या निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिल फिरवून मी देवीचे व्रण, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं बेमालूम घालवत असे. या कामात माझा हात इतका बसलेला होता की चोपडा-एरंडोलकडूनही मुली घेऊन लोक येत. आपण खोटं करतो असं मला कधी वाटलं नाही. मुलगी खपली पाहिजे, हा त्या खोटेपणामागचा सर्वमान्य पुण्यविचार होता.

नानाही माझ्याकडे पहिल्यांदा आला तो याच कामासाठी. नाना म्हणजे पुलावरचा गवंडी, चोपड्यापलीकडच्या सातपुड्याच्या पायथ्याचा, साठीचा, हाडं दिसणाऱ्या हातांचा. चुन्यात काम करणारे गवंडी तेव्हाच बोटांवर मोजण्याइतके उरले होते. याला शोधून आणावं लागलं होतं. त्याच्या धाकट्या मुलीच्या, सुमनच्या, गालावर लहानपणी चुलीजवळ भाजल्याचा डाग होता. मी तो दोन दिवस बसून घालवला. नानाने तो फोटो उन्हात धरून बराच वेळ पाहिला, हसला नाही, पण जाताना माझ्या टेबलावर मोहाच्या फुलांची पुरचुंडी ठेवून गेला. लग्न जमलं. त्या दिवसापासून मी त्याचा ‘भाऊ’ झालो.

भिंत वर चढत जाते तसे परांचीचे बांबू खोवायला तिच्यात भोकं ठेवतात, आणि काम संपून परांची उतरली की ती एकेक करून बुजवतात. नानाने पहिल्या कमानीकडची भोकं बुजवली आणि एक तसंच ठेवलं. मला वाटलं, विसरला. मी खालून ओरडून दाखवलं, तर थापी पुसत तो शांतपणे म्हणाला, “बठ्ठी भिंत आपलीच नही ऱ्हास, भाऊ. एक भोक त्यास्नं.” बठ्ठी म्हणजे सगळी, आणि त्यास्नं म्हणजे पाखरांचं. त्याच्या बापाने आयुष्यभर असंच केलं होतं म्हणे. पूर्ण बुजवलेल्या भिंतीत त्या घराण्याचा जीव रमत नसे.

फाल्गुनात हुदहुदांची जोडी त्या भोकात राहायला आली. मातकट केशरी अंग, पाठीवर काळेपांढरे पट्टे, आणि माथ्यावर मिटता-उघडता येणारा तुरा. भोकाजवळ गेलं की नाकाला झोंबणारी घाण येई, कारण या देखण्या पाखराचं घर भारी नासकं असतं. चुन्याचा तो गोड वास आणि ही घाण एकमेकींत मिसळत, आणि मी दोन्ही छातीत भरून घेत तासन्‌तास कर्दळीआड बसून राही. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा कुणाचा फोटो काढत होतो ज्याला आपण बरं दिसावं अशी मुळीच इच्छा नव्हती. नर अळी घेऊन येई, कठड्यावर क्षणभर थांबे, तुरा उघडून मिटे आणि भोकाशी लटकून चोच आत घाली. काही दिवसांनी आतून सापासारखे फुत्कार ऐकू येऊ लागले. नाना म्हणाला, पिलं. स्टुडिओत गिऱ्हाईकं खोळंबत, बायको चिडे, आणि मी चैत्राच्या तापल्या दुपारी डार्करूमच्या अंधारात डेव्हलपरच्या पाण्यात तो तुरा हळूहळू उमटताना पाहत असे. मी सुखी होतो, हे कबूल केलंच पाहिजे. त्या सुखाचीच पुढे मला मस्ती चढली.

वैशाखात काम संपत आलं. आखाजीनंतर दोन दिवसांनी कुणी मोठे पाहुणे पुलाचं उद्घाटन करणार होते आणि त्यांना द्यायचा अल्बम मी तयार करत होतो. आखाजी हा आमच्या खानदेशातला लेकीबाळींचा सण. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, झाडाझाडाला झोके चढतात, आणि त्या दिवसांत कामावर माणूस टिकत नाही. सुमनही पहिल्या आखाजीला येणार होती. गावी निघण्याआधी नाना स्टुडिओच्या पायरीवर आला. “आखाजी करीसन इसू,” तो म्हणाला. “पिल्लं उडतीन तवलोंग त्या भोकले कोनी हात लावाले नको. तू दखजो, भाऊ.” मी म्हणालो, मी बघतो भोकाकडे, नाना, तुम्ही बिनघोर जा.

दुसऱ्या दिवशी मी अल्बम घेऊन कचेरीत गेलो. तिथले साहेब सज्जन माणूस. कुणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. त्यांनी सावकाश पानं उलटली, ढासळलेली कमान पाहिली, घाणीचा बैल पाहून हसले, आणि शेवटच्या, काम झाल्यानंतरच्या फोटोवर त्यांचं बोट थांबलं. पांढऱ्या स्वच्छ भिंतीत एक काळं भोक.

“हे राहिलंय का बुजवायचं?”

मी सगळं सांगितलं. नानाची रीत सांगितली, हुदहुद सांगितला, पिलं सांगितली. ते ऐकत होते. मग म्हणाले, “छान आहे हो. पण पाहुण्यांना काम अपुरं दिसेल. फोटोतून घालवता येईल का एवढं?”

येणार होतं. निगेटिव्हवर पेन्सिलीचे चार फराटे, फार तर पाच मिनिटांचं काम. सुमनच्या गालाला मला दोन दिवस लागले होते. पण मी खुर्चीत ताठ झालो. दोन महिने पाखरांच्या संगतीत राहून मला आपण कलावंत असल्याचा साक्षात्कार झालेला होता. मी म्हणालो, “येईल साहेब, पण मी घालवणार नाही. जे आहे ते फोटोत दिसलं पाहिजे.”

“बरं,” साहेब म्हणाले आणि त्यांनी अल्बम मिटला.

त्या ‘बरं’चा अर्थ मला कळायला हवा होता. उभं आयुष्य याच गावात गेलं, कचेरीतला माणूस कशाला बरं म्हणतो हे मला ठाऊक नाही असं नव्हे. पण मी आपल्याच बाणेदारपणावर खूश होऊन घरी आलो आणि बायकोला ते वाक्य पुन्हा ऐकवलं. दुसऱ्या दिवशी आखाजी. माहेरवाशिणींचे झोक्यावरचे फोटो काढायला सकाळपासून बोलावणी होती. आंब्याचा रस, पुरणाच्या पोळ्या, कैऱ्यांचा चीक, गाणी. आज बागेत कोण जाणार, सगळे सणात आहेत, असं मनाशी म्हणत मी दिवसभर गावभर फिरलो. बागेकडे फिरकलो नाही.

त्यानंतरच्या सकाळी गेलो. ऊन नुकतंच पुलावर आलं होतं, इतकं सुरेख तिरपं ऊन की चुन्याच्या गिलाव्यावरचा थापीचा हात दिसावा. आणि त्या दुधाळ पांढऱ्या भिंतीत, जिथे भोक होतं तिथे, ताटलीएवढा सिमेंटचा करडा गोल होता. वरच्या कठड्यावर नर बसला होता. चोचीत अळी. तो उडाला, भिंतीशी आला, पंख फडफडवत गोलाशी लटकायला पाहू लागला, पाय ठरेना तसा परत कठड्यावर गेला. अळी चोचीतच होती. तुरा पूर्ण उघडलेला.

मी काय केलं ते लिहिण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. मी कॅमेरा उचलला. हातांना दुसरं काही येत नव्हतं म्हणा, ऊन फार सुंदर होतं म्हणा. तीन फोटो काढले, तिसऱ्याला श्वास रोखून, आणि मग खाली उतरून त्या गोलाला कान लावला. आतून काही आलं नाही, किंवा मला ऐकू आलं नाही. नखांनी खरवडून पाहिलं. सिमेंट पक्कं झालं होतं. छिन्नी-हातोडा पलीकडे माळ्याच्या खोलीत पडलेला असे, शंभर पावलांवर. पण दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं, झेंडूच्या माळा येऊन पडल्या होत्या, नव्या भिंतीला भोक पाडणारा मी कोण, असं कायकाय मनात आलं. तासभर तिथेच बसून मी घरी गेलो. दोन दिवसांपूर्वी मला बाणेदारपणा सुचला होता तो त्या शंभर पावलांपुरताही पुरला नाही.

उद्घाटन झालं. अल्बममध्ये शेवटी गुळगुळीत भिंतीचा नवा फोटो लागला, तोही मीच काढला. लोक पांगल्यावर, हार सुकायला लागले असताना नाना आला. येताना सुमनच्या हातचे सांजोरीचे चार तुकडे त्याने माझ्यासाठी फडक्यात बांधून आणले होते. त्याने भिंत पाहिली, हात फिरवला. मी साहेबांचं बोलणं सांगितलं, माझं उत्तरही सांगितलं, अजूनही थोड्या अभिमानाने, असं आता वाटतं.

त्याने हात उपरण्याला पुसला. मग भिंतीकडेच पाहत म्हणाला, “मनी पोरना गालवरला डाग तू पुसी टाका व्हता ना, भाऊ? मंग हाई भोक बी फोटोमाच पुसाई जातं.”

त्याने माळ्याची छिन्नी आणली. तीन-चार घावांत गोल फुटला. आत हात घालून त्याने जे होतं ते एकेक करून बाहेर काढलं, उपरण्यात घेतलं आणि मेंदीच्या कुंपणाखाली पुरलं. किती होती ते मी मोजलं नाही. भोक त्याने पुन्हा बुजवलं नाही. फडकं माझ्या हातात दिलं आणि तो एस.टी. स्टँडकडे चालू लागला. आमच्या गावात त्याने नंतर काम घेतल्याचं मी ऐकलं नाही.

म्हणजे अखेर असं झालं, की कचेरीतल्या फोटोत भोक नाही आणि भिंतीत आहे. खोटा फोटो द्यायचा नाही म्हणून मी हटून बसलो आणि दिला तो खोटाच. पाखरं मात्र त्या भोकात परत आली नाहीत. दर फाल्गुनात मी बघून येतो.

कठड्यावरच्या हुदहुदाचा तो तिसरा फोटो लोकांना फार आवडतो. माझ्या स्टुडिओत समोरच मोठा करून लावला आहे. मीच लावला, काढून टाकायचा धीर होत नाही. मुलींचे फोटो काढायला आलेले बाप त्याच्याकडे पाहत बसतात. तुरा किती सुंदर, म्हणतात, पिलांना भरवायला निघालाय वाटतं. मी हो म्हणतो. मागच्या हिरवळीच्या अंधारात ती अळी पांढरी, स्पष्ट दिसते. ती नसती तर तो नुसता सकाळच्या उन्हात पुलावर बसलेला पक्षी झाला असता, कुठेही न निघालेला. ती घालवायला काळ्या रंगाचा एक ठिपका पुरे. गिऱ्हाईक नसलं की कधीकधी मी फोटो खाली उतरवतो, काच काढतो, बारीक ब्रश रंगात बुडवतो, आणि तो वाळेपर्यंत हातात धरून बसतो.