नत्थूजींना पाणी घाला

नागपूरजवळच्या वाडीत झाडं लावायची कल्पना रुपरावांना कुणाच्या भाषणातून सुचली नाही. ती त्यांच्या टकलातून उगवली. गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. रुपराव अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंगचे कारकून होते. वैशाखात दुपारी जेवायला घरी निघाले की गोदामापासून खोलीपर्यंत सावली म्हणून एकच मिळे, उभ्या ट्रकची. तीही ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं की निघून जाई.

एक दिवस त्यांनी मारुतीच्या ओट्यावर सभा बोलावली. "आमच्या शेठच्या कूलरनं शेठची खोली थंडी होते," ते म्हणाले. "मोहल्ला थंडा कराचा तं झाडंच पाहिजे. दहा वर्सांत इथली हवा बदलवून टाकू." लोकांना हवा बदलण्यापेक्षा सभेतला चिवडा आवडला, पण मंडळ स्थापन झालं. अध्यक्षपदी चंपतराव बसले, कारण कुठल्याही अध्यक्षपदावर बसायची त्यांना सवयच होती. आषाढात प्रत्येक दारासमोर एक कडुनिंब लागला, भोवती तट्ट्याचं कुंपण झालं. पाऊस झाडांना पाणी घालत होता तोवर स्वयंसेवकांचा उत्साह दांडगा होता. दिवाळीनंतर मंडळात रुपराव तेवढे उरले.

पण रुपराव गोदामातले माणूस. ज्या पार्सलवर घेणाऱ्याचं नाव नाही ते बेवारस, आणि बेवारस मालाला कुणी हात लावत नाही, हे त्यांच्या आयुष्याचं तत्त्वज्ञान होतं. त्यांनी पार्सलं रंगवायचा काळा रंग आणला, पत्र्याच्या तुकड्यांवर घरमालकांची नावं लिहिली आणि ज्याच्या दारातलं झाड त्याचं नाव झाडाच्या गळ्यात बांधलं. मग रोज सकाळी कामावर जाता जाता पुकारा सुरू झाला.

"चंपतराव मान टाकून राह्यले! पानी टाका!"

"नत्थूजीले बकऱ्या खाऊन राह्यल्या! धावा!"

आपल्या नावाची अशी शोभा कोण ऐकून घेणार? राखेनं घासलेल्या भांड्यांचं पाणी आपसूक झाडांच्या बुडाशी जाऊ लागलं. पहिला उन्हाळा निभावला. झाडं खांद्याला लागली आणि रुपरावांची मान त्याहून वर गेली.

दुसऱ्या चैत्रात घात झाला. नत्थूजी हमालांचे मुकादम. माल घेऊन कळमेश्वरला गेले होते आणि रात्री परतायचे ते सकाळ झाली तरी आले नव्हते. त्यांची बायको तुळसाबाई आधीच जिवात जीव नसल्यासारखी चुलीपुढे बसली होती. तेवढ्यात बाहेरून रुपरावांचा खणखणीत आवाज आला.

"तुळसाबाई! नत्थूजी गेले वं! पार वाळून राह्यले!"

तिनं "गेले" एवढंच ऐकलं. पुढचं ऐकायला ती शुद्धीवर कुठं होती? अशी किंकाळी फोडली की अख्खी आळी गोळा झाली. बायांनी तिला धरलं, कुणी पदर सावरला, एका घाईच्या म्हातारीनं तर बांगड्यांना हात घातला. रुपराव दारात उभे राहून "झाड, झाड" म्हणत होते, पण रडारडीत झाडाचं कोण ऐकतं? त्या गोंधळात नत्थूजी स्वतः टरबूज काखेत मारून ट्रकमधून उतरले. घरासमोरची गर्दी पाहून टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोन गेलं गा?"

आपणच गेलो हे कळल्यावर त्यांनी टरबूज खाली ठेवलं आणि रुपरावांना धरलं. "मी जित्ता असून माही मयत काढता? आजपासून तुमच्या झाडाले या मोहल्ल्यातून एक थेंब भेटनार नाई!" मोहल्ल्यानं माना डोलावल्या. सगळ्यांचा आपापला राग साठलाच होता.

झाडांसमोर वैशाख होता. पाणी बंद झालं तर पंधरवड्यात सगळी जळणार, हे रुपरावांना ठाऊक होतं. त्यांनी बादली उचलली. कामाच्या आधी हातपंपावर, कामानंतर हातपंपावर. कमरेत लचक भरली तरी थांबले नाहीत. रांगेतलं शेवटचं झाड त्यांच्या स्वतःच्या दारातलं. तिथं पोचेपर्यंत बादलीही रिकामी व्हायची आणि माणूसही. 'आपलंच तर आहे, उद्या घालू,' असं म्हणता म्हणता 'रुपराव' ज्येष्ठ लागण्याआधीच वाळला. त्याचा पुकारा त्यांनी केला नाही. बाकीची झाडं मात्र टवटवीत राहिली, आणि एकट्यानं मोहल्ला जगवला या अभिमानात कंबरदुखी बरीच सुसह्य झाली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. वर्षभरात जी जी पीडा झाली तिचा बडग्या, म्हणजे पुतळा, करायचा, मिरवायचा आणि जाळायचा. वाडीकरांनी यंदा पीडा शोधायला फार डोकं खाजवलं नाही. तणसाचं पोट, मडक्याचं टक्कल, हातात बादली आणि गळ्यात पत्र्याची पाटी: 'झाडवाला'. पुढं नत्थूजी, मागं सगळा मोहल्ला.

"ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!"

रुपराव दाराच्या फटीतून पाहत होते. आधी त्यांना हसू आलं, कारण टक्कल हुबेहूब साधलं होतं. मग फार वाईट वाटलं. बादलीसुद्धा त्यांचीच होती.

दरवर्षी बडग्या जाळायच्या जागेवर यंदा शेठचं नवं शेड उभं होतं. म्हणून आळीतच जाळायचं ठरलं. चंपतरावांच्या दारापाशी पुतळा टेकवला तर अध्यक्ष आडवे आले, "इथं नोको गा, धग लागन." पुढच्या दारातही तेच. शेवटी वैतागून नत्थूजींनी तो स्वतःच्या दारात आपटला आणि काडी ओढली.

"थांबा!" तुळसाबाई ओरडत बाहेर आली. "नत्थूजी जळतीन ना!"

 लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. झाडालासुद्धा ती 'आमचे मालक' म्हणायची. नत्थूजींच्या हातातली काडी विझली आणि कान लाल झाले. बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

पण ती आता थांबेना. "अख्खा उन्हाळा तुमच्या चोरून भांड्याचं पानी टाकलं म्या. एकदा रडली त्याच्यासाठी, दुसऱ्यांदा नाई रडाची."

"आमच्या घरूनबी पडत होतं," चंपतराव पुटपुटले. "रुपराव कामावर गेल्यावर."

मग एकेक जण कबुली देत गेला. दारामागं रुपरावांच्या अभिमानाची हवा निघत होती. म्हणजे आपण कंबर मोडून ओल्या मातीत पाणी ओतत होतो तर!

बडग्याला जागा तेवढी सापडेना. ज्याच्यापुढं धग लागेल असं झाड नव्हतं असं दार सगळ्या आळीत एकच होतं. रुपराव तिथंच, स्वतःच्या दारात, धडाडून जळले.

जाळ बसल्यावर खरे रुपराव घरातली दुसरी बादली घेऊन बाहेर आले. कुणाकडे न पाहता निखाऱ्यांवर पाणी ओतलं. मग मात्र राहवलं नाही. "सगळ्याईच्या झाडाले चोरून पानी टाकलं," ते म्हणाले, "माह्याच झाडाले काहून नाई टाकलं गा कोनी?"

"त्याच्यावर तुमचं नाव होतं ना," तुळसाबाई सरळ म्हणाली. "आमाले वाटलं, तुमचं तुमी पाहान."

रुपरावांनी रिकामी बादली उचलली. पार्सलाचं तत्त्वज्ञान त्यांनीच शिकवलं होतं.

दोन दिवसांनी त्या राखेत नवा कडुनिंब लागला. रुपरावांनी पत्रा घेतला, ब्रश रंगात बुडवला आणि पुसून परत ठेवून दिला. झाड बिननावाचं राहिलं, म्हणजे गोदामाच्या भाषेत बेवारस. मोहल्ल्यानं मात्र त्याचं बारसं केलंच. पुढच्या वैशाखात, कंबरेला पट्टा बांधून रुपराव खाटेवर पडले असताना, बाहेरून रोज सकाळी तुळसाबाईचा आवाज यायचा:

"बडग्याले पानी टाकलं का वं कोनी?"