गंगूताईंची सही

सपना पाईकराव पुसेगावच्या दवाखान्यात नर्स आहे. कितीही रडणारं लेकरू असू द्या, सुई टोचताना तिचा हात हलत नाही. पण सेनगावात स्वतःचं घर घ्यायचं ठरलं आणि या बाईला एका जागी बसवेना. सकाळी जीपची वाट बघताना ती रस्त्याच्या कडेनं फेऱ्या मारायची. संध्याकाळी परतली की खोलीवर जायच्या आधी वाकडी वाट करून ते घर बाहेरून बघून यायची. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी आणि एक पपईचं झाड. कुणी दुसरंच गिऱ्हाईक आत बसलेलं तर नाही ना, एवढंच तिला बघायचं असायचं.

भाड्याच्या खोल्यांना ती विटली होती. आडनाव ऐकलं की बऱ्याच ठिकाणी खोली "कालच दिली" व्हायची. जी मिळाली होती, ती आता मालकाला पोराच्या लग्नासाठी रिकामी करून हवी होती. तिची आई कमलबाई दिवसभर भांडी पोत्यात भरायची आणि पुन्हा काढायची.

घर विकणारे गोपाळराव धानोरकर निवृत्त कारकून होते, मुलाकडं नांदेडला निघालेले. माणूस गोड बोलणारा. "रजिस्ट्रीच्या भानगडीत कशाला पडता? बाँडवर लिहून देतो, नोटरी करू. उतारा माझ्याच नावाचा आहे, बघा."

उतारा खरंच त्यांच्या नावाचा होता. तरी सपनाचं मन धजेना. ती हिंगोलीला दिपा राठोड या वकीलबाईकडं गेली आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारायला लागली. नोटरी चालंल का? बँक कर्ज देईल का? उताऱ्यावर नाव आहे म्हणजे घर त्यांचंच ना?

"आधी बसा," दिपा म्हणाली. "नगरपंचायतीचा उतारा घरपट्टी वसूल करायला असतो. त्याच्यानं मालकी सिद्ध होत नाही. आणि नोटरीच्या बाँडवर घर तुमच्या नावावर होत नाही. रजिस्टर खरेदीखतच पाहिजे. घर गोपाळरावांना आलं कुठून?"

"वडलांकडून."

"मग वडलांना लेकरं किती, ते विचारून या."

सपना तशीच परत फिरली आणि थेट गोपाळरावांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. गोपाळराव चष्मा पुसत राहिले.

"एक बहीण आहे. पण तिचं लग्न झालंय."

"लग्न झालं म्हणून बहीण न्हाई का मंग?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "गंगू जवळा बाजारला असते. आमचं येणं-जाणं नाही."

दिपानं फोनवर सांगितलं की घरात बहिणीचाही वाटा आहे, तिचं हक्कसोडपत्र रजिस्टर झाल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. त्या रात्री सपनाला झोप लागली नाही. कमलबाई वेगळंच धरून बसली होती. "घरावर प्रेमानंदचंबी नाव टाक. बापामागं भाऊच असतो." प्रेमानंद म्हणजे सपनाचा धाकटा भाऊ, पुण्याला कंपनीत. कर्ज सपनाच्या पगारावर निघणार होतं, पण ती आईशी वाद घालत नव्हती. आधी घर तर हाती येऊ दे.

रविवारी तिघं जवळा बाजारला गेले. सपना, कमलबाई आणि नाइलाजानं आलेले गोपाळराव. गंगूताईंची पिठाची गिरणी होती. त्यांनी भावाला बघितलं, गिरणी बंद केली, पिठानं पांढरे झालेले हात पदराला पुसले आणि पाहुण्यांना पाणी दिलं. आता आडनाव विचारतील, म्हणून सपना ताठ बसली होती. गंगूताईंनी विचारलं ते एवढंच, "राहायला घेताय की पाडायला?"

"राहायला. मी आन् आई."

गोपाळरावांनी कागद पुढं केला. "हक्कसोड आहे. सही कर म्हणजे झालं."

गंगूताईंनी कागद शेवटपर्यंत वाचला. "बाबा गेले आणि तू उताऱ्यावर नाव लावून घेतलंस. मला ते बाजारात परक्या माणसाकडून कळलं. यावर सही केली म्हणजे माझं तिथं कधी काही नव्हतंच, असं होईल."

"तुला पैसेच पाहिजेत ना?"

"पैसे तर घेणारच, का नाही घेऊ? पण हक्क सोडणार नाही. विकणार. खरेदीखतात तुझ्या बराबर माझं नाव लिही. मग येते सहीला."

गोपाळराव ताडकन उठले आणि बाहेर गेले. घर गेलंच आता! सपना मागोमाग पळाली. "काका, नाव लिहिल्यानं तुमचं काय जातंय? त्या न्हाई आल्या तर घर इकलं जात न्हाई." गोपाळराव बाजाराच्या तोंडापर्यंत चालत गेले, तिथं उभे राहिले, आणि मान खाली घालून परत आले. "लिहा," म्हणाले.

परतताना जीपमध्ये कमलबाई खिडकीतून बाहेर बघत होती. औंढा मागं पडल्यावर एकाएकी म्हणाली, "सपना, माह्या बापाच्या घरात माहं नाव असल का गं?"

"काहून?"

"आबा गेल्यावर भाऊ आला व्हता. एक अंगठा दे म्हणला, सरकारी काम हाये. म्या देला."

आईनं त्यानंतर प्रेमानंदचं नाव टाकायची गोष्ट काढली नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशी संगणकावरच्या माणसानं नावं वाचून दाखवली. गोपाळराव 'लिहून देणार', म्हणजे विकणारे, आणि गंगूताई नुसत्या 'संमती देणार'. सपना खुर्चीतून अर्धी उठली. पण गंगूताईंनीच काचेवर बोट ठोकलं. "संमती नाही. मीही लिहून देणार. दुरुस्त करा." दुरुस्ती होईपर्यंत दुपार कलली. सपनानं चतुःसीमा पुन्हा पुन्हा वाचल्या. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला बोळ. मग अंगठे झाले, फोटो झाले. भाऊ-बहीण एकाच बाकावर बसले होते, मध्ये एक पिशवी. चहा आला तेव्हा गोपाळरावांनी पहिला कप बहिणीकडं सरकवला. तिनं घेतला.

किल्ली हातात पडली तरी सपनाचं संपेना. "म्याडम, आता उताऱ्यावर माझं नाव लावायचा फेरफार कधी? मूळ कागद बँकेकडंच राहील का?"

"फेरफाराचा अर्ज उद्या देऊ. कर्ज फिटेपर्यंत कागद बँकेकडं. झेरॉक्स जपून ठेवा," दिपा म्हणाली.

कमलबाई मागं उभी होती. सरकारी कचेरीत ती आजवर कधी तोंड उघडून बोलली नव्हती. ती पुढं झाली.

"वकीलबाई, म्या एकदा अंगठा देलाय. कशावर देला ते कळल का?"

दिपानं बॅग खाली ठेवली. "कागद काढून बघावा लागेल, मावशी. त्याच्याआधी काही सांगता येत नाही. आणि कागद काढला की भावाला कळणारच."

"कळू द्या," कमलबाई म्हणाली. "कधी येऊ ते सांगा."