पंखा फिरतोय

आम्ही शारजात, रोल्लाला राहतो. माझं ऑफिस दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला, जुमेरा लेक टॉवर्समध्ये. आठवड्याचे पाच दिवस मी घरी जेवायला आणि झोपायला असतो. मुलगी कॉलेजात फिल्म शिकते. यंदा तिला तैवानचा सिनेमा हा विषय आहे. एका शनिवारी दुपारी ती टीव्हीवर असाच एक सिनेमा बघत होती. तिच्याशी दोन शब्द बोलता येतील म्हणून मी शेजारी जाऊन बसलो.

पडद्यावर एक म्हातारा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. कॅमेरा शेजारच्या खोलीत ठेवल्यासारखा लांब होता आणि म्हातारा दाराच्या चौकटीतून दिसत होता. तो बोलेना, हलेना. मी थोडा वेळ वाट बघितली.

"हँग झालं. राउटर बंद करून चालू कर."

"डॅडा, नथिंग इज हँग. लुक ॲट द फॅन."

म्हाताऱ्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता. मला तो दिसलाच नव्हता.

मग तिने मला समजावलं. तिथल्या एका पिढीतल्या दिग्दर्शकांनी मारामाऱ्या, रडारड सोडून आपल्याच घरांकडे, आईवडलांकडे कॅमेरा वळवला. तो लांब ठेवला आणि हलवला नाही. माणूस गप्प असेल तर त्याला गप्प बसू दिलं.

"मग यात घडतं काय?"

"ही इज वेटिंग फॉर हिज सन. दॅट्स द सीन." मग टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली, "यू से द सेम थिंग टू ग्रँडपा. 'हँग झालं.'"

ते दोन शब्द तिने मराठीत, थेट माझ्या आवाजात म्हटले. स्वयंपाकघरातून बायको हसली. "बरोबर पकडलं गं."

मी हसलो नाही. माझे वडील वसईला भावाकडे असतात. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलंय. दर रविवारी ते चर्चमधून, मिस्साहून आले की भावजय टेबलावर तांब्याला टेकवून फोन उभा करते. मी विचारतो, जेवलात का, गोळ्या घेतल्या का. ते मान हलवतात. त्यानंतर काय बोलायचं ते मला सुचत नाही. सुरुवातीला एकदोनदा नेट खरंच अडकलं होतं. मग मला ती सवयच लागली. "पप्पा, हँग झालं. ठेवतो हं." ते समोर डोळ्यांची उघडझाप करत असायचे आणि मी फोन ठेवायचो. याला खोटं बोलणं म्हणतात हे मला कळत होतं. पण इतक्या लांब राहून पैसे कमावणाऱ्या माणसाला एवढं चालतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. फोन लावला. जेवण, गोळ्या, मान हलवणं झालं आणि पप्पा गप्प झाले. माझं बोट लाल बटणाशी गेलं. तेवढ्यात त्यांच्या मागे भिंतीवरचा पंखा दिसला. तो डावीकडे वळत होता, परत येत होता, आणि परत आला की त्यांच्या शर्टाची कॉलर हलत होती. मी बोट काढलं. मुलगी माझ्यामागे येऊन उभी राहिली होती.

बऱ्याच वेळाने पप्पा म्हणाले, "आज तुझ्याकडे नेट बरं आहे."

त्यांच्या बोलण्यात टोमणा होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. खरं सांगायला तीच वेळ होती. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "हो पप्पा. आज बरं आहे."

"मग ठेवू नको. मी जेवून घेतो."

मघाशी, जेवलात का, यावर त्यांनी मान हलवली होती, ती नाही म्हणून हलवली होती. भावजयीने ताट आणून ठेवलं. ते भात कालवायला लागले. मुलीने खुर्ची ओढली आणि आम्ही दोघं बघत बसलो.